चेंबरच्या बोल्टवरची रेघ

३ तारीख, मंगळवार

दादा,

पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर आधी वाच आणि मग सावकाश बारीक तुकडे कर, माझी हरकत नाही. मी माफी मागायला लिहीत नाहीये. गाडीतून तेल गळतंय म्हणून लिहितेय. चौदा वर्षांत तेलाचं विचारावं असा दुसरा कुणी मला भेटला नाही. यात तुझं कौतुक काही नाही, माझंच नशीब फुटकं.

काल सकाळी गाडी जरा मागे घेतली तर खाली ताटाएवढा काळा डाग. डिपस्टिक पुसून बुडवली. चार दिवसांपूर्वी तेल वरच्या खुणेला होतं, आता खालच्या खुणेच्याही खाली. पाइपातून निळा धूर नाही, रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नाही. म्हणजे आत जळत नाहीये, बाहेरच पडतंय. अण्णांच्या गॅरेजात बारा वर्षं पाने उचलून दिले मी, एवढं अजून कळतं.

गॅरेजात का नेत नाहीस, असं विचारशील. एक तर तेल नसलेलं इंजिन चालवून मला त्याचा जीव घ्यायचा नाही. दुसरं, मेकॅनिकला घरी बोलवायला फोन लागतो आणि घरात एकच फोन आहे, तो ह्यांच्या खिशात असतो. काळजीपोटीच असतो. माणूस वाईट नाही, दादा. आवाज चढवत नाहीत, हात तर कधीच उगारला नाही. फक्त मी घराबाहेर पडले की ह्यांना धाप लागते. खदान बंद पडल्यापासून आमच्या वसाहतीत सात घरं उरली आहेत आणि बस बंद झाली. बस मिळते तो हमरस्ता नऊ किलोमीटर. त्यामुळे मी फारशी बाहेर पडत नाही आणि ह्यांना धाप लागत नाही.

पण तेवीस तारखेला मला गाडी हवी आहे. बस डेपोच्या स्टोअरमध्ये सुटे भाग ओळखणारं माणूस हवंय, बाई चालेल असं जाहिरातीतच म्हटलंय. मी अर्ज केला, मुलाखतीचं कार्ड आलं. ह्यांना सांगितलेलं नाही. ह्यांना इंजेक्शन द्यायला मंगळवारी आणि शुक्रवारी नर्सबाई येते. तिनेच जाहिरात दाखवली, तीच हे पत्र टाकणार आहे. उत्तर देणार असशील तर मागे लिहिलेल्या तिच्या पत्त्यावर दे. इथे आलेली पत्रं हे उघडतात.

एवढंच सांग, सुरुवात कुठून करू?

तुझी
तेरा नंबर

(विसरला असशील तर आठवण करून देते. तू बाराचा पाना मागायचास आणि मी तेराचा द्यायचे. हे नाव तूच ठेवलंस.)


१० तारीख, मंगळवार

दादा,

पत्राला ‘प्रिय’ नाही, ‘आशीर्वाद’ नाही, खाली सही नाही. पोस्टकार्डावर तीन ओळी. ‘आधी धू. मग पावडर मार. तेल खाली आणि मागे जातं, सगळ्यात वर जिथे ओलं असेल तिथे दुखणं.’ किती बोललास रे! दमला असशील. पण मी कार्ड चार वेळा वाचलं हेही कबूल करते.

तर ऐक. रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन अख्खं इंजिन धुतलं. दोन दिवस गेले त्यात. चौदा वर्षांचं चिकट काळं, वरून धूळ, नखानं खरवडावं लागलं. वाळल्यावर अंगाला लावायची पावडर सगळीकडे फुंकली, खाली वर्तमानपत्रं पसरली आणि इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं. हे खिडकीतून बघत होते. म्हणाले, ‘अगं, बाळाला न्हाऊ-माखू घालतेयस की काय?’ मीही हसले.

पावडरीत लख्ख दिसलं. वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून ओली रेघ निघून इंजिनाच्या पाठीवरून खाली गेली होती. गॅस्केट! रबर कसलं, नुसतं वाळलेलं सालपट झालं होतं. नवं मी अंदाजानं आधीच नर्सबाईकडून आणवून ठेवलं होतं. दोन्ही बाजू स्वच्छ करून बसवलं आणि बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे, मनगटाच्या जोरावर आवळले. खांद्याचा जोर लावला नाही. तू डोक्यात टपली मारून शिकवलेलं आहे, ते जात नाही.

तेलही बदलून टाकलं. पुढची चाकं दोन ओंडक्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले आणि शिरले खाली. या वयात गाडीखाली शिरणं सोपं आहे, निघणं अवघड. तिथे पडल्या पडल्या एक गंमत झाली. कडेला ह्यांच्या चपला दिसल्या. बराच वेळ तिथेच उभ्या. मी म्हटलं, ‘काही हवंय का?’ तर म्हणाले, ‘नाही, बघतोय तू काय काय करतेस ते.’ तळाच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट मी काढला, तेल ओतून घेतलं, परत लावला, तोवर चपला हलल्या नाहीत. मला तिथे जरा कोंडल्यासारखं झालं. गाडी छातीच्या इतकी जवळ असते ना, म्हणून असेल.

दोन दिवस झाले, खालचं वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत आहे. तुला कळवावंसं वाटलं.

तेरा नंबर


१३ तारीख, शुक्रवार

दादा,

तोंडघशी पडले. काल सकाळी वर्तमानपत्र तेलात बुडालेलं. ताटाएवढा डाग नाही, परातभर तळं. वरचं झाकण सुकं आहे, पावडर अजून पांढरी आहे. या वेळी गळती तळातून. चेंबरचा बोल्ट बोटांनी फिरला, विश्वास ठेव, बोटांनी!

मीच नीट आवळला नसणार. जुनाच वॉशर लावला होता, तेही खरं. स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की ह्यांनी आतून विचारलं, कुणाशी बोलतेयस. मग बाहेर येऊन तळ्याकडे बघितलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. ‘जाऊ दे गं, ही गाडी आता म्हातारी झाली. कुठे जायचंय आपल्याला?’ खूप मायेनं म्हणाले. मला रडू आलं, आणि रडू का आलं ते मला सांगता येत नव्हतं.

आता तांब्याचा नवा वॉशर घातला. लांब दांड्याच्या पान्यानं आवळला, मग पाव वळसा आणखी. आणि अण्णांची रीत केली. बोल्टाच्या डोक्यावरून चेंबरच्या पत्र्यापर्यंत रंगाची एकच सरळ रेघ. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. घरात ऑइलपेंट नव्हता, म्हणून नखांना लावायची लाल पॉलिश वापरली. ह्यांच्या भाचीच्या लग्नात घेतली होती, त्यानंतर बाटली उघडायला निमित्त मिळालं नव्हतं.

रेघेवरून मी तुला काय काय बोलले होते ते मला आठवतंय. पण मी म्हटलं ना, माफी मागायला लिहीत नाहीये.

तेवीसला दहा दिवस आहेत.

तेरा नंबर


१७ तारीख, मंगळवार

दादा,

रेघ तुटली आहे.

बोल्ट पाव वळसा फिरलाय. लाल रेघेचा एक तुकडा पत्र्यावर, दुसरा बोल्टासोबत बाजूला. तेल पुन्हा खाली. इंजिनाच्या हादऱ्यानं सैल झाला असेल, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण गाडी या चार दिवसांत एकदाही चालू केलेली नाही. उभ्या गाडीला कसले हादरे? आणि रेघेच्या आजूबाजूला पत्रा चकचकीत आहे, बोळ्यानं पुसल्यासारखा. रॉकेलचा वास येतोय. आता तो वास माझ्याच हातांचा असेल. मी दिवसभर त्याच वासात असते.

तुझं कार्ड नर्सबाईनं आज दिलं. ‘तू आवळलेला बोल्ट आपणहून फिरत नाही. घरात आणखी कोण आहे?’

काय म्हणायचंय तुला? सरळ म्हण की! ह्यांना स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो ते माहीत नाही. बल्ब बदलायलाही मीच स्टुलावर चढते. एकतीस वर्षं खदानीच्या कचेरीत ह्यांनी कागदाला कागद लावला, पान्याला हात लावला नाही. आणि माझं वाईट व्हावं असं ह्यांना का वाटेल? मला ताप आला तर हा माणूस रात्रंदिवस उशाशी बसतो. तू पहिल्यापासून ह्यांना पाण्यात बघतोस. लग्नाच्या दिवशीही तोंड फुगवून बसला होतास.

नर्सबाई म्हणते, माझ्या स्कूटरवर मागे बसा, मी सोडते. पण हे तिच्या दवाखान्यात तक्रार करतील आणि तिच्या पोटावर पाय येईल. ते मी होऊ देणार नाही.

बघ, मी काय लिहिलं ते. ‘हे तक्रार करतील.’ माझं मलाच वाचून कसंतरी झालं. खोडत नाही, राहू दे.

बोल्ट पुन्हा आवळलाय. शेवटचं तेल ओतलंय. नवी रेघ ओढली आहे, या वेळी जाड.


२० तारीख, शुक्रवार

दादा,

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या मीच त्याला मऊ करीन.

सकाळी चहाला बसलो होतो. मी म्हटलं, ‘चेंबरच्या बोल्टवर मी रेघ ओढली आहे. आमच्या अण्णांची रीत. कुणी हात लावला की कळतं.’ आवाज न चढवता म्हटलं. ह्यांनी बशी खाली ठेवली आणि वैतागून म्हणाले, ‘कसला रंग वापरलास तू? निघता निघत नाही. तुझ्या दादाचा तर रॉकेलच्या एका बोळ्यानं निघाला होता.’

ह्यांचं ह्यांनाच कळलं. कप हातात तसाच.

तुला समजलं ना, दादा? तू त्या संध्याकाळी आमच्या दारात गाडीचं तेल बदलून गेलास. दुसऱ्या दिवशी मी अण्णांकडे निघणार होते, चार महिन्यांसाठी. त्यांचा पाय मोडला होता आणि गॅरेजचा काउंटर मी सांभाळणार होते. वीस किलोमीटरवर तेलाचा लाल दिवा लागला आणि मी गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन जाम झालं. बोल्ट रस्त्यात कुठेतरी पडून गेलेला. हे दुसऱ्या गाडीनं धावत आले, मला जवळ घेतलं आणि म्हणाले, तुझ्या दादानं बोल्ट आवळलाच नव्हता, तुझा जीव गेला असता. मी ते मानलं. गॅरेजात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर तुला म्हटलं, तू मेकॅनिक नाहीस, कसाई आहेस. तू एकच वाक्य बोलत राहिलास, ‘मी रेघ ओढली होती.’ आणि मी म्हटलं, ‘तुझी रेघ घाल चुलीत.’

तू खरंच रेघ ओढली होतीस. ह्यांनी ती पुसली, मग बोल्ट सैल केला. चौदा वर्षं ‘मला स्क्रू कळत नाही’ म्हणणारा हा माणूस.

मी ह्यांना विचारलं, ‘का?’ म्हणाले, ‘तू चार महिने म्हणत होतीस. तू आली नसतीस परत. तिथे तू वेगळीच असायचीस, हसायचीस. गाडी बंद पडली असती, तू घरी आली असतीस, एवढंच. तुला काही व्हावं असं माझ्या मनात नव्हतं.’ आणि मग रडले. म्हणाले, ‘तेवीस तारखेचं मला माहीत आहे. कार्ड मी पाहिलं. तू गेलीस तर मी या घरात काय करू, ते सांग.’

सगळ्यात वाईट काय सांगू? मला ह्यांची कीव आली. मी उठून ह्यांना पाणी दिलं. सवयीनं. पेला हातात दिला आणि मग माझा मलाच इतका संताप आला की मी मोरीत जाऊन बादलीवर लाथ मारली. पायाचं बोट सुजलंय.

माझं चुकलं, दादा. चारचौघांत तुझी अब्रू घेतली, तुझी गिऱ्हाइकं तुटली, अण्णा ते मनात घेऊन गेले. अण्णा गेले त्या दिवशी मी अंगणात तासभर उभी होते आणि तू पाठ फिरवलीस ते बरोबरच केलंस. मी माफी मागायला लिहीत नाही असं दोनदा म्हटलं. खोटं होतं. चौदा वर्षं मला तेच लिहायचं होतं आणि निमित्त सापडत नव्हतं. मला माफ कर. नाही केलंस तरी मला बोलायला जागा नाही.

दुपारी हे झोपले तेव्हा गाडीखाली जाऊन आले. रेघ शाबूत आहे.


२३ तारीख, सोमवार

दादा,

डेपोच्या बाकावर बसून लिहितेय. कागद स्टोअरकीपर बाईंनी दिला, मागच्या बाजूला टायरची यादी आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

मला सव्वा तास उशीर झाला. नावं पुकारून झाली होती. स्टोअरकीपर बाई म्हणाल्या, आता कसं जमणार. मग त्यांनी माझ्या नखांकडे बघितलं. ते काळं काही केल्या निघत नाही. त्यांनी एक ट्रे पुढे सरकवला, चाळीसेक सुटे भाग, सगळे तेलकट आणि चिठ्ठीशिवाय. मी एकेक उचलून सांगत गेले. दोन चुकले. एका वॉशरवरून आमचा वाद झाला, त्यात त्यांचं बरोबर निघालं. ‘एक तारखेपासून या,’ म्हणाल्या, ‘आणि वेळेवर या.’ तोवर नर्सबाईच्या माडीवरची खोली आहे. रविवारी तुझ्याकडे आले तर दार उघडशील का, ते वहिनीला विचारून कळव. तुला विचारत नाही, तू तीन ओळींत नाही म्हणशील.

आता आले कशी ते सांगते.

सकाळी सातला आवरून गाडीत बसले. तेल वरच्या खुणेला, रेघ सरळ, खालचा कागद कोरडा. एका झटक्यात इंजिन लागलं. काय आवाज होता, दादा! तू ऐकायला हवा होतास. मागे घ्यायला आरशात बघितलं तर फाटकाच्या बरोबर मधोमध खुर्ची, आणि खुर्चीत हे. मांडीवर वर्तमानपत्र.

मी हॉर्न दिला. ह्यांनी पान उलटलं. मी खाली उतरून म्हटलं, उठा. म्हणाले, ‘माझ्या अंगावरून घे.’ शांतपणे, मला थंडी वाजेल म्हणून स्वेटर घाल म्हणतात ना, त्याच आवाजात. मी परत गाडीत जाऊन बसले. इंजिन चालू ठेवून पाऊण तास बसले. आठ वाजत आले. इंजिन बिचारं एका लयीत चाललं होतं, एक थेंब गळत नव्हता, आणि मी आत बसून स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होते. वीस दिवस मी ती गाडी दुरुस्त केली, नखं मोडली, पाठ मोडली, तुला चौदा वर्षांनी पत्रं लिहिली, आणि ती जागची हलणार नव्हती. एक खुर्ची पुरली.

मग मान वर केली तर आरशात फाटक दिसलं. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना हात-दीड हात मोकळं होतं. गाडीला जागा नव्हती, माणसाला होती.

मी इंजिन बंद केलं. किल्ली तिथेच लटकत ठेवली, सर्टिफिकेटांची पिशवी घेतली आणि चालत फाटकाशी गेले. हे म्हणाले, ‘कुठे?’ म्हटलं, ‘मुलाखतीला.’ ‘पायी?’ ह्यांना खरंच हसू आलं. ‘हमरस्ता नऊ किलोमीटर आहे. तुझा गुडघा, तुझं ते सुजलेलं बोट. पहिल्या चढालाच परत येशील.’ मी म्हटलं, ‘बघू.’ आणि खुर्चीच्या कडेनं बाहेर पडले. माझा पदर ह्यांच्या खांद्याला घासून गेला. मला वाटलं होतं हात धरतील.

धरला नाही. उठलेच नाहीत. मला आधी कळेना. मग कळलं की हे उठले तर फाटक मोकळं होतं, आणि मी उलटी धावत येऊन गाडी काढीन, असं ह्यांना वाटत होतं. चढावर पोचेपर्यंत मी तीनदा मागे वळून पाहिलं. तिन्ही वेळा हे तिथेच होते, फाटकात पाय रोवून, माझ्याकडे पाठ करून, गाडीवर नजर ठेवून बसलेले.